ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार कां उतरते? : निदान व उपाय

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वापसा आला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं फार थोडे दिवस असतात. त्यांतील एक सकाळ वायां गेली तरी तिचें मोल पुढें पिकाच्या उत्पन्नांतून द्यावें लागतें. अशा ऐन वेळीं ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी आणि सेल्फनें नुसता ‘टक्’ असा आवाज करून स्वस्थ बसावें, हा अनुभव बहुतेक गांवीं येतो. मग चार गडी जमवून ट्रॅक्टर ढकलणें, शेजाऱ्याची बॅटरी मागून आणणें, हे प्रकार सुरू होतात. आणि दुपारपर्यंत तालुक्याच्या बाजारांतून नवी बॅटरी येते. कांहीं महिन्यांनीं तीहि उतरते. तेव्हां ‘हल्लीं मालच चांगला मिळत नाहीं’ असें म्हणून शेतकरी मोकळा होतो.

वस्तुतः बॅटरी उतरणें हा पुष्कळदां मूळ रोग नसून रोगाचें लक्षण असतें. मूळ दोष शोधल्यावांचून नवी बॅटरी बसविणें म्हणजे पाट फुटलेला असतां विहीर खोल करण्यासारखें होय. हा दोष शोधण्यास मोठी विद्या लागत नाहीं. एक साधें डिजिटल मल्टीमीटर, एक कांचेचें हायड्रोमीटर आणि क्रमानें पाहण्याची संवय, एवढ्या सामुग्रीवर कोणाहि साक्षर शेतकऱ्यास निदान करितां येईल. तो क्रम या लेखांत सांगावयाचा आहे. दाखला ट्रॅक्टरचा घेतला असला तरी जीप किंवा मोटारीसहि बहुतेक गोष्टी लागू पडतात.

१. बॅटरीचें अंतरंग

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम तयार केली. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारीस चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा सेल्फ बसविण्यांत आला, आणि हँडल मारण्याचे कष्ट हळूहळू संपले. परंतु त्याबरोबरच यंत्राचें चालू होणें बॅटरीवर अवलंबून राहिलें.

१२ व्होल्टच्या बॅटरींत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा सुमारें २.१ व्होल्ट दाब देतो. प्रत्येक कप्प्यांत शिशाचे व शिशाच्या भस्माचे पत्रे एकाआड एक बसविलेले असून ते सौम्य गंधकाम्लांत बुडालेले असतात. बॅटरींतून वीज खर्च होऊं लागली म्हणजे अम्लांतील गंधकाचा अंश पत्र्यांवर बसतो व अम्ल पातळ होत जातें. बॅटरी भरतांना हीच क्रिया उलट घडते.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत धरावयाच्या. पहिली ही कीं, अम्लाच्या दाटपणावरून बॅटरी किती भरली आहे हें कळतें. दुसरी अशी कीं, उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पत्र्यांवरील पांढऱ्या थराचे कठीण स्फटिक बनतात, व मग कितीहि वीज भरली तरी ते पुरते विरघळत नाहींत. बॅटरी अकालीं मरण्याचें हें एक मोठें कारण होय. एकदां पूर्ण उतरल्यानें बॅटरीचें थोडें नुकसान होतें. उतरलेल्या स्थितींत पंधरा दिवस ठेवल्यानें फार मोठें होतें.

२. बॅटरीचा जमाखर्च

बॅटरी ही वीज उत्पन्न करणारी वस्तु नसून ती एक पेढी आहे. तींत जितकें जमा होईल तितकेंच काढतां येतें. जमा अल्टरनेटर किंवा डायनमो करतो. खर्च सेल्फ, दिवे व इतर साधनें करतात. हा हिशेब आंकड्यांनीं मांडून पाहूं.

८० अँपिअर-तासांची बॅटरी घेऊं. सेल्फ मारतांना ३०० अँपिअर प्रवाह ५ सेकंद लागला असें धरलें तरी खर्च ०.४२ अँपिअर-तासच होतो. याच्या उलट, यंत्र बंद ठेवून ५५ वॅटचे दोन दिवे चार तास लावले तर दर तासीं सुमारें ९ प्रमाणें ३६ अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ निम्मी पेढी रिकामी होते. आणि कोठें तरी अवघा अर्धा अँपिअर प्रवाह गुपचूप गळत असेल तर चोवीस तासांत १२ अँपिअर-तास जातात. आठवडा पुरा होण्यापूर्वींच बॅटरी कोरडी पडते. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसेंच तें थेंबें थेंबें आटतेंहि.

यास्तव बॅटरी उतरण्याचीं कारणें चार सदरांत मांडावीं : (अ) जमा अपुरी, (आ) चोरटा खर्च, (इ) जमा व खर्च यांच्या वाटेंतील अडथळा, (ई) पेढीच जीर्ण. पहिल्या तिहींत नवी बॅटरी घेऊन कांहींच साधत नाहीं. केवळ चौथ्या सदरांत ती घेणें योग्य होय, आणि आपल्याकडे दुर्दैवानें पहिल्यानें चौथाच उपाय केला जातो.

३. पहिला प्रश्न : केव्हां उतरते?

मीटर हातीं घेण्यापूर्वीं ट्रॅक्टर चालविणाऱ्यास विचारावें कीं, बॅटरी नेमकी केव्हां दगा देते. अर्धें निदान या उत्तरांतच असतें.

दिवसभर नांगरट करून दुपारीं यंत्र बंद केलें व तें पुन्हां सुरू झालें नाहीं, तर जमेची बाजू संशयास्पद समजावी. कारण इतके तास चालूनहि बॅटरी भरली नाहीं. रोजच्या कामांत कांहीं तक्रार नाहीं, परंतु दोन-चार दिवस उभा ठेवला कीं उठत नाहीं, तर चोरटा खर्च किंवा एखादा दुर्बळ कप्पा असावा. कधीं सुरू होतो, कधीं होत नाहीं, व टर्मिनलवर पान्यानें ठोकलें कीं होतो, असें असेल तर वाटेंत अडथळा आहे हें निश्चित. दुकानांतून भरून आणली कीं एक-दोन दिवस चालते, आणि मग जमा-खर्चांत कोठेंहि दोष नसतां उतरते, तर पेढी जीर्ण झाली.

येथें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. एका बागाईतदारांनीं चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. मार्च ते जून ट्रॅक्टर रोज चालला, तेव्हां कांहीं झालें नाहीं. पेरण्या आटोपून तो गोठ्याशेजारीं उभा राहिला कीं आठवड्यांत मृतवत् होई. पावसाळी दमट हवा लागते असें सर्वांचें मत पडलें. शेवटीं मीटर लावून पाहतां ट्रॅक्टर सर्वस्वीं बंद असतां ०.६ अँपिअर प्रवाह वाहत असल्याचें दिसलें. गाणीं ऐकण्याचा पेटारा बसविणाऱ्यानें त्याची तार किल्लीवरून न घेतां थेट बॅटरीस जोडली होती, व आवाज बंद केला तरी तो पेटारा आंतून जागाच राही. दिवसास १४.४ अँपिअर-तास म्हणजे तिसऱ्या दिवशीं अर्ध्याहून अधिक, व सहावा दिवस मावळण्यापूर्वीं सगळी बॅटरी रिकामी. तार किल्लीवर घेतांच रोग गेला. दोन बॅटऱ्यांची किंमत व त्या तारेची किंमत यांची तुलना वाचकांनींच करावी.

४. तपासणीचा क्रम

(१) डोळ्यांनीं पाहणें. खुंट्यांवर पांढरट किंवा हिरवट फुलोरा आला आहे काय? टर्मिनल हातानें पिळून पाहावें. फिरलें तर सैल आहे. यंत्राच्या अंगास जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजली किंवा तिचा बोल्ट ढिला झाला नाहीं ना, तें पाहावें. या पट्टीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. बॅटरीची पेटी फुगली किंवा चिरली आहे काय? ती आपल्या बैठकींत घट्ट आवळलेली आहे काय? ढेकळांतून चालतांना सैल बॅटरी आदळत राहते व पत्र्यांवरील लेप झडून तळाशीं सांचतो. शेवटीं फॅनचा पट्टा दोन कप्प्यांच्या मधोमध अंगठ्यानें दाबावा. साधारण एक सेंटिमीटर दबावा. फार दबला तर पट्टा घसरतो व अल्टरनेटर पुरा फिरत नाहीं.

(२) विश्रांतीचा दाब. यंत्र बंद करून निदान सहा तास गेल्यावर, म्हणजे शक्यतों सकाळीं, मीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांस लावावें. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असल्यास बॅटरी भरलेली; १२.४ म्हणजे सुमारें पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावभर, आणि ११.९ च्या खालीं ती उतरलीच समजावी. यंत्र नुकतेंच बंद करून घेतलेला आंकडा फसवा असतो.

(३) हायड्रोमीटर. ज्या बॅटरीस बुचें आहेत तिच्या सहाहि कप्प्यांतील अम्लाचें विशिष्टगुरुत्व घ्यावें व कागदावर ओळीनें लिहावें. भरलेल्या बॅटरीचा आंकडा कारखान्यागणिक १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असतो. परंतु एकेका आंकड्यापेक्षां त्यांचा परस्परांशीं मेळ महत्त्वाचा. सहाहि कप्पे सारखेच खालीं असतील तर बॅटरी केवळ रिकामी आहे, भरून घ्यावी. पांच चांगले व एक ०.०५० नें किंवा अधिक खालीं असेल, आणि भरून घेतल्यावरहि तसाच राहील, तर तो कप्पा मेला व त्याबरोबर बॅटरीहि. कप्प्यांत नुकतेंच पाणी घातलें असेल तर तें मिसळेपर्यंत हें माप घेऊं नये. ज्यांस बुचें नाहींत अशा बॅटऱ्यांस केवळ मीटरवरच भिस्त ठेवावी लागते.

(४) सेल्फ मारतांना. बॅटरी भरलेली असतां एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें मीटर पाहावें. सेल्फ फिरत असतां दाब ९.६ व्होल्टच्या खालीं जाऊं नये. १२.६ वरून क्षणांत ७ किंवा ८ वर आदळला तर बहुधा बॅटरी दुर्बळ असते. मात्र सेल्फच जाम होऊन अधिक प्रवाह ओढीत नाहीं ना, याची खात्री चांगली बॅटरी लावून करावी. उलट, दाब १२ च्या आसपास टिकून आहे पण सेल्फ फिरत नाहीं, तर बॅटरी निर्दोष असून अडथळा तारेंत, टर्मिनलांत किंवा सेल्फच्या सोलेनॉइडांत आहे. अडथळ्याची जागा शोधण्यास मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें यंत्राच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आंकडा दिसल्यास अर्थिंगची वाट खराब आहे.

(५) यंत्र चालू असतां. यंत्राचा वेग मध्यम ठेवून खुंट्यांवरील दाब पाहावा. तो १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा, व दिवे लावल्यावरहि १३.५ च्या खालीं जाऊं नये. १२.६ च्याच आसपास राहिला तर जमा शून्य आहे : पट्टा, अल्टरनेटरच्या तारा, ब्रश अथवा रेग्युलेटर यांत दोष आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी अति भरली जात आहे. अशा बॅटरीचें पाणी झपाट्यानें आटतें व पत्रे वांकतात. पाणी दर आठवड्यास घालावें लागणें हें याचेंच लक्षण.

किल्ली फिरवितांच बॅटरीचा लाल दिवा पेटावा व यंत्र सुरू होतांच विझावा. न विझल्यास दोष उघड आहे. परंतु तो मुळींच पेटत नसेल तरी निश्चिंत राहूं नये. कित्येक अल्टरनेटरांस प्रारंभींचा प्रवाह त्याच दिव्यांतून मिळतो. दिवा जळाला कीं चांगला अल्टरनेटरहि वीज देत नाहीं.

(६) चोरटा खर्च. किल्ली काढावी, सर्व साधनें बंद करावीं, ऋण टर्मिनल सोडवावें. मीटरची तांबडी तार १० अँपिअरच्या छिद्रांत घालून मीटर त्या सोडविलेल्या तारेच्या व ऋण खुंटीच्या दरम्यान जोडावें. या स्थितींत किल्ली कदापि फिरवूं नये. मीटरचा फ्यूज तत्काल उडेल. साध्या ट्रॅक्टरचा आंकडा जवळजवळ शून्य असावा. घड्याळ किंवा जीपीएस यंत्र असल्यास ०.०५ अँपिअरपर्यंत चालेल. मोटारींतील संगणक झोपीं जाण्यास कांहीं वेळ लागतो, म्हणून तेथें अर्धा तास थांबून आंकडा घ्यावा. अधिक दिसल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढतांच आंकडा पडतो त्याच शाखेंत चोर आहे. एकाहि फ्यूजनें फरक पडला नाहीं तर बॅटरीवरून थेट घेतलेल्या तारा तपासाव्या. त्याहि निर्दोष निघाल्या तर मीटर काढून, ऋण तार दूर ठेवून, अल्टरनेटरची जाड तार सोडवावी, तिचें टोक चिंधीनें किंवा टेपनें गुंडाळावें व पुन्हां माप घ्यावें. आंकडा पडला तर अल्टरनेटरांतील डायोड फुटला असून रात्रभर वीज उलट वाहत आहे.

५. उपाय

टर्मिनल सोडवून कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुवावें. हें पाणी कप्प्यांत जाऊं देऊं नये. मग खुंट्या व टर्मिनलें पॉलिश कागदानें घांसून चकचकीत करावीं, घट्ट आवळावीं व वरून व्हॅसलीन लावावें. एवढ्या अर्ध्या तासाच्या कामानें बरा झालेला ट्रॅक्टर ज्यानें पाहिला नाहीं असा मेकॅनिक विरळा.

उतरलेली बॅटरी सावकाश भरावी. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ८ अँपिअरनें दहा ते बारा तास हें प्रमाण योग्य. तासाभरांत भरून देणाऱ्यांच्या नादीं लागूं नये. त्यानें पत्रे तापतात.

पाणी कमी झाल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावें, व पत्र्यांवर दहा ते पंधरा मिलिमीटर येईल इतकेंच घालावें. विहिरीचें, नळाचें किंवा फिल्टरचें पाणी चालत नाहीं. त्यांतील क्षार पत्रे बिघडवितात. ‘थोडें ॲसिड टाकलें कीं बॅटरी जिवंत होते’ ही समजूत घातक आहे. आटतें तें पाणी, अम्ल नव्हे. अम्ल वाढविल्यानें हायड्रोमीटरचा आंकडा वाढेल, परंतु वीज वाढणार नाहीं व पत्रे मात्र खाल्ले जातील. सिमेंटच्या जमिनीवर ठेविल्यानें बॅटरी उतरते ही समजूतहि प्लॅस्टिकच्या पेटीच्या बाबतींत निराधार होय. ती उतरते ती आपोआपच, आणि उष्णता जितकी अधिक तितकी लौकर.

पेरणीनंतर ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर ऋण टर्मिनल सोडवून ठेवावें व महिन्यांतून एकदां बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. रोज पांच मिनिटें यंत्र मंद चालवून बंद करणें हा उपाय नव्हे. मंद वेगांत अल्टरनेटर थोडीच वीज देतो, आणि सेल्फचा खर्चहि पुरता भरून येत नाहीं.

६. धोके

बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो व एका ठिणगीनें तो पेट घेऊन बॅटरी फुटते. अम्ल डोळ्यांत जाऊन कायमचें अंधत्व येऊं शकतें. म्हणून बॅटरीजवळ विडी, काडी किंवा कंदील आणूं नये, व तारेचा झटका देऊन ‘ठिणगी पाहणें’ ही रीति सोडून द्यावी. सोडवितांना ऋण टर्मिनल प्रथम सोडवावें व जोडतांना शेवटीं जोडावें. दुसऱ्या बॅटरीवरून यंत्र सुरू करतांना शेवटची ऋण जोडणी उतरलेल्या बॅटरीस न करतां तिच्यापासून दूर यंत्राच्या धातूस करावी. यंत्र चालू असतां टर्मिनल काढून अल्टरनेटरची परीक्षा करण्याची चाल अजून आढळते. तिनें अल्टरनेटरचे डायोड व इतर नाजूक भाग जळतात. अम्ल अंगावर उडाल्यास पुष्कळ पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटें धुवून तसेंच डॉक्टरांकडे जावें.

निकामी झालेली बॅटरी घरीं फोडूं नये किंवा अम्ल बांधावर ओतूं नये. शिसें हें विष आहे व त्याची बाधा लहान मुलांस विशेष होते. जुनी बॅटरी विक्रेत्यास परत करावी. २००१ च्या नियमांनीं ही व्यवस्था घालून दिली, व २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं ती अधिक विस्तृत केली आहे. परत करणाऱ्यास किंमतींत सूटहि मिळते.

७. समारोप

चांगली निगा ठेविल्यास बॅटरी तीन ते पांच वर्षें टिकावी. त्यापूर्वीं ती वारंवार उतरूं लागली तर बाजाराची वाट धरण्याआधीं वरील सहा परीक्षा क्रमानें कराव्या व प्रत्येक आंकडा तारखेनिशीं एका वहींत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षीं त्याच वहीवरून बॅटरीची प्रकृति सुधारते आहे कीं खालावते आहे, हें कळेल; आणि मुदतींत बिघडलेल्या बॅटरीची तक्रार करतांना दुकानदारापुढें ठेवण्यास लेखी पुरावाहि हातीं राहील. ही तपासणी वैशाखांत करावी, मृगांत नव्हे. वैशाखांत सांपडलेला दोष दुरुस्त होतो; मृगांत सांपडलेला दोष पेरणीचा दिवस घेऊन जातो.